बल्लारशाचे बिशप

केरळातल्या सिरो-मलबार ख्रिस्ती समाजाच्या बिशपांना एके काळी दोन नद्यांची वेस होती: उत्तरेला भारतपुळा, दक्षिणेला पंपा. १९५५ साली ती थोडी सैल झाली. पण केरळच्या आसपासचा मुलूख सोडून हा अधिकार पहिल्यांदा दूर पोचला तो मुंबईत नव्हे, दिल्लीत नव्हे, तर आमच्या चांद्याच्या जंगलात. तारीख ३१ मार्च १९६२. पालत्तुरुत्ती हे सी.एम.आय. संघाचे संन्यासी या नव्या मुलखाचे पहिले प्रमुख झाले, आणि पुढे बिशपांचं घर झालं ते बल्लारशाला.

आमच्याकडे या मंडळींना कोणी कॅथलिक म्हणे, कोणी ऑर्थोडॉक्स. चूक तशी मोठी नव्हती. संत थॉमसचा वारसा सांगणारा हा एकच समाज. पोर्तुगिजांच्या जाचाला कंटाळून ३ जानेवारी १६५३ रोजी मट्टांचेरीला त्यांनी शपथ घेतली आणि पुढे घर फुटलं. एक फांदी रोमशी राहिली, ती चांद्याला आली. दुसरीतून कोट्टायमचं ऑर्थोडॉक्स चर्च उभं राहिलं. दोघांची उपासना मुळात सिरियाक भाषेतली, दोघांचे बिशप नावाआधी ‘मार’ लावणारे.

बिशप होण्याची वाट मात्र वेगळी. ऑर्थोडॉक्स पाद्री संसारी असू शकतो, पण संसारी माणूस बिशप होत नाही. आधी संन्यास, मग ते पद. शिवाय निवड करणाऱ्या सभेत पाद्र्यांबरोबर साधे संसारी लोकही मत देतात. ही रीत मला फार मोलाची वाटते. पालत्तुरुत्तींना असं कुणी निवडून दिलं नव्हतं. त्यांना नेमलं गेलं. मंडळी जवळपास नव्हतीच, निवडणार कोण? बाकीचे बिशप भरल्या घरात जातात. इथे माणूस आधी आला आणि घर मागून बांधलं गेलं. पंधरा वर्षांनी, १९७७ साली, चांद्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला आणि ते पहिले बिशप झाले. सबंध पदाची पायाभरणी एकाच माणसाच्या उमेदीच्या वर्षांत झाली.

त्या वर्षांतलं बल्लारशा आठवतं. पेपरमिलचा भोंगा, बांबूने लादलेले ट्रक, आणि मद्रासकडून येणाऱ्या जी.टी. गाडीतून पत्र्याची ट्रंक घेऊन एखादी तरुण सिस्टर उतरायची. मराठीचा एक शब्द येत नसायचा. रिक्षावाल्याला सगळं ठाऊक असे. तो न विचारता ट्रंक उचलायचा. चार-सहा महिन्यांनी तीच सिस्टर बाजारात वांग्याचा भाव करताना दिसायची, थेट आमच्या झाडीपट्टीच्या हेलात. बिशपना आमचे लोक ‘मोठे फादर’ म्हणत. मोठेपणाची याहून वेगळी पायरी आम्हाला ठाऊक नव्हती.

१९६२ सालचीच आणखी एक गोष्ट मला पुढे कळली. त्या जुलैत केरळात कुर्बाना, म्हणजे त्यांची मुख्य उपासना, सिरियाकऐवजी मल्याळममधून सुरू झाली. शतकानुशतकांनी जी मंडळी आपल्या मायबोलीत देवाशी बोलू लागली, त्यांच्याच काही पाद्र्यांना त्याच सुमारास ती मागे ठेवून मराठी गिरवावी लागली. पुढे आलापल्लीच्या पलीकडे गेलं की मराठीही पुरत नसे. तिथे माडिया, सिरोंच्याला तेलुगू.

तेव्हाचा चांदा जिल्हा म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून पंचवीस हजार चौरस किलोमीटरांहून मोठा पसारा. १९८२ साली तो दुभंगला. मृग लागला की रपटे पाण्याखाली जायचे. वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती, पर्लकोटा. एक चढली की एक तालुका तुटायचा. एसटी निम्म्या वाटेवर थांबायची, पुढे बंडी नाहीतर डोंगा. नदीपल्याड गेलेला फादर महिना महिना परतत नसे. तो ज्यांच्या ओसरीवर अडकायचा त्यांच्याबरोबर आंबील प्यायचा, त्यांच्या तापात त्यांच्या उशाशी बसायचा, आणि परतायचा तो त्यांची भाषा घेऊन.

आता सिरोंच्याजवळ गोदावरीवर पूल आहे, प्राणहितेवर आहे, इंद्रावतीवर आहे. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक रात्रंदिवस धावतात. अडलेली बाळंतीण खाटेवर घालून नाला ओलांडताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पुलांबद्दल वाईट बोलवणार नाही. मीही बोलणार नाही. पण आता एखादा साहेब, मग तो सरकारी असो की चर्चचा, सकाळी गाडीने जातो आणि संध्याकाळी मुक्कामाला परततो. अडकून पडणं संपलं आणि त्याबरोबर ती ओळखही पातळ झाली. मला हुरहुर लागते ती याची.

पदाची वाटही बदलली. १९९० साली आलेले विजय आनंद नेडुंपुरम हेही सी.एम.आय. संघाचेच; त्यांची कारकीर्द जवळजवळ पाव शतकाची. त्यांच्याच काळात, १९९९ साली, नदीपलीकडचा आदिलाबाद वेगळा धर्मप्रांत झाला. २०१४ साली आलेले एफ्रेम नरिकुलम मात्र एर्नाकुलम-अंगमालीच्या धर्मप्रांतातले पाद्री. त्यांना घर, शाळा, दवाखाने सगळं उभं असलेलं मिळालं. २०१७ साली पोप फ्रान्सिस यांनी या चर्चला सबंध भारत मोकळा केला. भारतपुळा आणि पंपेची वेस कायमची पुसली गेली. तिला पहिलं खिंडार आमच्या जंगलातून पडलं होतं, याची आठवण खुद्द चंद्रपुरात किती जणांना आहे? शाळेच्या प्रवेशासाठी रांगेत उभ्या पालकांना तर ती नाहीच.

दुसरी फांदीही आता विदर्भात रुजली आहे. नागपूरजवळ कळमेश्वरच्या रस्त्यावर ऑर्थोडॉक्स चर्चचं सेमिनरी आहे. उद्याचे पाद्री तिथे घडतात, त्यांतलाच एखादा पुढे संन्यास घेऊन बिशपही होईल. त्यांच्या अभ्यासक्रमात माझा काही अधिकार नाही, तरी मागणं एकच आहे: प्रत्येकाला एक अख्खा पावसाळा भामरागडच्या पलीकडे काढू द्यावा, मृगापासून हस्तापर्यंत, आणि मधे न्यायला गाडी पाठवू नये.