नानांच्या सायकलीस तीन वेग

सायकलीवरून उतरून ती हातानें ढकलीत नेणें यांत लाजण्यासारखें काय आहे, असें आमच्या वाचकांपैकीं कोणी विचारील. आम्हांस मात्र गेल्या आषाढांत एके सायंकाळीं तशी लाज वाटली खरी. न्हावऱ्याच्या वाटेनें शिरूरकडे परततांना, गांव कोसभर राहिलें असतां, एक ओढा लागतो व ओढ्यानंतर चढ आहे. घाटाशीं तुलना करावी असा तो नव्हे. मोटारींत बसलेल्या माणसास तो असल्याचें कळतहि नाहीं. परंतु आषाढाचा वारा निराळा. घाटमाथ्यावरचा पाऊस आमच्या भागांत पोंचत नाहीं, त्याचा वारा मात्र न चुकतां पोंचतो. पश्चिमेचा तो वारा तिरपा तोंडावर आला, पायडल अर्ध्या फेऱ्यांत अडलें, उजव्या गुडघ्यांत कळ उठली आणि आम्ही खालीं उतरलों.

हा चढ आम्हीं सत्तावीस वर्षें, शाळेंत जातांयेतां, न उतरतां काढला होता. निवृत्तीनंतरहि मंगळवारीं व शुक्रवारीं त्याच गांवच्या चार मुलांस संस्कृत शिकविण्यासाठीं आम्ही जात असतों. त्याआधीं आमचे वडील, ज्यांस आम्ही सारीं नाना म्हणत असूं, याच सायकलीच्या कॅरिअरवर पोथ्यांची पिशवी बांधून आसपासच्या गांवीं भिक्षुकीस जात. नाना त्या चढावर कधीं उतरले नाहींत, ही आमच्या घरांतील एक श्रद्धा होती. घरांतील म्हणजे आमची. इतरांनीं तिची कधीं चौकशी केलेली आम्हांस स्मरत नाहीं.

सायकल आपली नेहमींचीच : काळी, दांडीची, अठ्ठावीस इंची, ब्रेकांस तारेऐवजीं सळया. पुढच्या चक्रास ४४ दांते व मागच्यास १८. पायडलाचा एक फेरा झाला कीं सायकल सुमारें अठरा फूट पुढें जाते. चढ असो, उतार असो, वारा पाठीशीं असो कीं तोंडावर असो, फेऱ्याला अठरा फूट हा करार कायम. लांकडी धावपट्टीवरील शर्यतीच्या सायकलींत मागचें चाक पायडलांशीं असें जखडलेलें असतें कीं चालत्या सायकलीवर पाय थांबवितांहि येत नाहींत. आमच्या सायकलीस फ्रीव्हील असल्यानें उतारावर पायांस विसांवा मिळे, पण वेग एकच. या एकवेगी सायकलीची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. टपालवाले, दूधवाले, शाळामास्तर यांच्या कित्येक पिढ्या तिनें वाहिल्या. बिघडण्यासारखें तींत फारसें कांहीं नाहीं, आणि जें बिघडेल तें झाडाखालीं बसलेला मिस्त्री दोन पान्यांनीं दुरुस्त करतो.

डॉक्टरांनीं गुडघा पाहून सांगितलें कीं सायकल सोडूं नका, जोर सोडा. हें वाक्य घेऊन आम्ही घरीं आलों आणि रात्रीं जेवतांना त्यावर घरचें मंडळ बसलें. चिरंजीवांनीं विजेच्या दुचाकीची सूचना आणली. नातवानें आपली अनेक गिअरची सायकल देऊं केली; तिच्यांत चेनच एका चक्रावरून दुसऱ्यावर उडी मारते. सौभाग्यवतींनीं कांहींच सूचना केली नाहीं. "पडूं नये म्हणजे झालें," एवढेंच त्या म्हणाल्या. नातवाची युक्ति नानांच्या सायकलीवर करतां येईना. मागच्या फाट्याची फट अरुंद, चेनीवर पूर्ण झांकण, आणि आमच्या काळ्या मातीचा चिखल उघड्या चेनीस किती मानवतो हें ज्यानें ऊंसाच्या दिवसांत आमचे रस्ते पाहिले आहेत त्यास सांगावयास नको. तेव्हां ज्या यंत्रांत सारे गिअर मागच्या चाकाच्या हबामध्येंच बंद असतात, तें बसवावें असें आमच्या मनानें घेतलें.

येथें एक अडचण होती. नानांच्या पश्चात् घराच्या वांटण्या झाल्या तेव्हां भांडीं, शेत, ग्रंथ, सारें वांटलें गेलें. सायकल तेवढी अविभक्त राहिली. ती आमच्याकडे वापरास, पण मालकी दोघांची, असें तोंडीं ठरलें होतें. आमचे धाकटे बंधू रेल्वेच्या नोकरींत दौंडास गेले ते तेथेंच राहिले. त्यांस दूरध्वनीवरून बेत कळविला. ते म्हणाले, "दादा, नवी घे. ही आहे तशी राहूं दे." कारण विचारलें तर सांगेनात. वडीलपणाचा तोरा माणसास केव्हां चढेल याचा नेम नाहीं. चालवितों आम्ही, गुडघा आमचा, यांत विचारावयाचें काय, असें कांहींसें आम्ही बोलून गेलों. त्या वर्षीं गणपतीस बंधू आले नाहींत. वांटण्यांच्या सालींसुद्धां असें झालें नव्हतें. आरतीच्या वेळीं त्यांची झांज फडताळांतच राहिली.

तरीहि आम्हीं बेत सोडला नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

असले हब इंग्लंडांत नॉटिंगहॅम येथें स्टर्मी-आर्चर या नांवानें १९०२ च्या सुमारास निघूं लागले. त्याच काळीं फ्रान्समध्यें आंरी देग्रांज नांवाचे गृहस्थ, जे पुढें टूर द फ्रान्स या शर्यतीचे जनक झाले, असें प्रतिपादीत कीं गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठींच ठीक. इतरांनीं स्नायूंवर जिंकावें. त्या शर्यतींत चेन बदलणारे गिअर चालूं देण्यास १९३७ साल उजाडावें लागलें. आमची पंचेचाळिशी उलटून वीस वर्षें झालीं, तेव्हां देग्रांजसाहेबांचा आम्हांस आशीर्वादच समजावयाचा. इंग्लंडांतील तो कारखाना २००० सालीं बुडाला व नांव तैवानच्या सनरेस कंपनीकडे गेलें. नव्या हबास बहुधा छत्तीस भोंकें असतात. आपल्या जुन्या सायकलींच्या मागच्या रिमेस चाळीस. सळयांच्या ब्रेकांस रिमहि विशिष्ट घडणीचीच लागते, त्यामुळें रिम बदलणें सोपें नव्हतें. शेवटीं पुण्याच्या जुन्या बाजारांत, गंजलेल्या कुलपांच्या ढिगांत, चाळीस भोंकांचा एक जुना हब सांपडला. या हबांवर घडणीचें साल कोरलेलें असतें. त्यावर ५८ हा आंकडा होता. आमचें जन्मसाल १९५८, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षींच सरकारनें आम्हांस घरीं बसविलें. अशा समवयस्कास ढिगांत टाकून येणें आमच्यानें झालें नाहीं.

घरीं आणून, रॉकेलांत धुऊन तो उघडला तेव्हां आंत एक लहानशी ग्रहमाला दिसली. ही उपमा आमची नव्हे. इंग्रज कारागीरहि या भागांस सूर्य व ग्रह असेंच म्हणतात. मधोमध वीस दांत्यांचा सूर्य. तो आंसाशीं एकजीव असून फिरत नाहीं. त्याभोंवतीं चार ग्रह, प्रत्येकास वीस दांते. आणि या सर्वांस वेढणारें, आंतल्या अंगास साठ दांते असलेलें कडें. सिद्धान्तशिरोमणींत भास्कराचार्यांनीं पृथ्वी मध्यें ठेविली आहे. हबवाल्यांनीं कोपर्निकसाचा पक्ष घेतलेला दिसतो. आतां चेनीनें कडें फिरविलें आणि चाक ग्रहांच्या पिंजऱ्याशीं जोडलें, तर कड्याच्या एका फेऱ्यांत चाकाचा पाऊणच फेरा होतो; साठास साठ अधिक वीस, म्हणजे ऐंशींनीं, भागून पाहावें. उलट, चेनीनें पिंजरा फिरविला आणि चाक कड्याशीं जोडलें, तर ऐंशी भागिले साठ, म्हणजे एक फेरा व वर एक तृतीयांश. तिसरा मार्ग सरळ, एकास एक. आंसाच्या पोकळींतून निघणारी एक बारीक सांखळी ओढली वा सोडली कीं ही जोडणी बदलते. लहानपणीं पाउणकी घोकली ती साठाव्या वर्षानंतर अशी कामास येईल असें वाटलें नव्हतें.

पण गणित येथें संपत नाहीं. जुनें अठरा दांत्यांचेंच चक्र ठेवलें तर वरचा वेग फेऱ्याला चोवीस फूट पडतो. तो तरण्या मुलांस ठीक; आमच्या काय कामाचा? म्हणून बावीस दांत्यांचें चक्र बसविलें. आतां वेग झाले सुमारें अकरा, साडेचौदा आणि साडेएकोणीस फूट. पूर्वीं ज्या चढास शंभर भाग जोर लागे तेथें आतां एकसष्ट लागतो. उरलेल्या एकोणचाळीस भागांची किंमत जास्त फेऱ्यांनीं चुकती करावी लागते, पण म्हातारपणीं वेळ बराच असतो आणि गुडघे दोनच.

हब रुंद, म्हणून मिस्त्रीनें मागचा फाटा दोन सूत फांकविला, चाळीस तारा नव्यानें ओंवल्या, आंस फिरूं नये म्हणून दांतेरी वॉशर घातले. येथवर काम चोख. मग त्यानें मोठ्या भक्तिभावानें हबांत ग्रीस भरलें. वास्तविक या यंत्रास पातळ तेल हवें. हबाच्या अंगावर तेलासाठीं झांकणीचें भोंकहि आहे. पण आम्हीं समोर बसून तें ग्रीस भरूं दिलें, तेव्हां दोष निम्मा आमचा. आंतील ज्या बारीक खिट्ट्यांस सायकलवाले कुत्रे म्हणतात, त्यांच्या स्प्रिंगा केंसासारख्या. ग्रीसांत ते कुत्रे झोंपीं गेले. शिवाय मधल्या व वरच्या वेगाच्या दरम्यान अशी एक जागा असते कीं सांखळीचा ताण चुकला तर तेथें पायडल कशांतच गुंतत नाहीं. तिसरे दिवशीं बाजारपेठेंत उभें राहून जोर दिला, पायडल रिकामें फिरलें आणि आम्ही दांडीवर आदळून रस्त्यावर पडलों. कोपर सोलवटलें. सौभाग्यवतींनीं हळद लावली आणि या खेपेसहि कांहीं म्हटलें नाहीं. तें बोलण्याहून जड गेलें. पुन्हां रॉकेल, पुन्हां धुणें, मग चमचाभर पातळ तेल. मधल्या वेगावर सांखळीच्या काडीचें टोंक आंसाच्या टोंकाशीं समपातळींत यावें लागतें. तें नातवानें डोळा लावून जमविलें. त्यानंतर आजवर पायडल सुटलेलें नाहीं.

कार्तिकांत वारा पडल्यावर आम्ही दौंडास निघालों. एसटीनें जाण्याचा आग्रह झाला, पण ज्या वस्तूवरून अबोला धरला तीच घेऊन जावें असें वाटलें. पहांटे पांचास शिरूर सोडलें. न्हावरें, मग पारगांवचा भीमेवरील पूल, चौफुला. तेथून सोलापूरच्या रस्त्यानें वरवंड, पाटस. ऊंसाच्या ट्रॉल्या अंगावरून जात तेव्हां उतरून उभे राहत होतों. चढावर मात्र एकदांहि उतरलों नाहीं. दुपारीं एक वाजतां बंधूंच्या दारांत घंटी वाजविली.

बंधू बाहेर आले. आधीं त्यांनीं आमच्याकडे नव्हे, मागच्या चाकाकडे पाहिलें. पाणी झालें, जेवणें झालीं, गुडघ्याची चौकशी झाली. सायकलीचा शब्द नाहीं. अखेर आम्हींच म्हटलें, "अरे, तो ओढ्याचा चढ आतां बसल्या बसल्या चढतों. नाना चढत तसा."

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दादा, नाना तो चढ कधींच चढले नाहींत."

आम्ही हायस्कुलांत असतांना, सुटीच्या दिवशीं, नाना त्यांस दांडीवर बसवून गांवोगांव नेत. परततांना ओढा ओलांडला कीं नाना रोज उतरत. धोतराचा सोगा खोंवून सायकल ढकलीत. बंधू एक हात सीटवर ठेवून बाजूनें चालत. माथ्यावर पोंचल्यावर पुन्हां बसत आणि गल्लींत शिरतांना घंटी वाजवीत. आम्ही घंटी ऐकून ओट्यावर येत असूं. आम्हीं पाहिलें तें तेवढेंच. "दादाला सांगूं नकोस, असें नानांनीं एकदां सांगितलें होतें," बंधू म्हणाले. "घरीं ते कधीं फारसे बोलत नसत. त्या चढावर बोलत. पोथी, पाऊस, तुझी परीक्षा, दक्षिणा किती मिळाली, सारें. तूं गिअर बसवितों म्हणालास तेव्हां मला एवढेंच वाटलें कीं आतां तेथें कोणी उतरणार नाहीं."

आमच्याजवळ उत्तर नव्हतें. सत्तावीस वर्षें दांत ओंठ खाऊन आम्हीं जो चढ नानांच्या नांवानें काढला, तो नानांनीं काढलाच नव्हता, आणि गुडघ्यास विचारलें असतें तर त्यानें हें पूर्वींच सांगितलें असतें.

सायंकाळीं बंधूंनीं सायकल घेऊन घरापुढें दोन चकरा मारल्या. खटका भलत्या वेळीं दाबल्यामुळें हबांतून दोनदां टकटक असा आवाज आला. आम्हीं ओट्यावरून ओरडून पाय क्षणभर सैल सोडण्यास सांगितलें. परत आल्यावर त्यांनीं विचारलें, जुनें चाक कोठें आहे. तें आमच्या माळ्यावर टांगलेलें होतें, अठरा दांत्यांसकट. निघतांना ते म्हणाले, तें इकडे पाठवून दे.

पुढच्याच आठवड्यांत शिरूरहून दौंडास जाणाऱ्या एका परिचितांबरोबर तें आम्हीं एसटीनें धाडलें. त्याचें काय करणार, हें आम्हीं विचारलें नाहीं. कंडक्टरनें सामानाचें निराळें तिकीट फाडलें.