दत्तक शहर

2017 च्या महापालिका निवडणुकीच्या प्रचारात तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी नाशिक दत्तक घेण्याची घोषणा केली. आम्ही साहित्य शिकवणारी माणसे. तेव्हापासून हा शब्द आम्हांला छळतो आहे. आश्वासनाचा हिशेब इतरांनी पुष्कळदा मांडला आहे. आमचे कुतूहल रूपकाविषयी. दत्तक जाणारे मूल अज्ञान असते, त्याच्या वतीने दुसरेच कोणी होकार देते. प्रतिनिधी मात्र आम्ही दिलेल्या मुखत्यारपत्रावर बोलतो, आणि ते काढूनही घेता येते. मतदारांनी भाजपला 122 पैकी 66 जागा दिल्या. अर्थात हे शहर केवळ लेकरू नव्हे : 2012 त ज्या मनसेला त्याने 40 जागा दिल्या, तिला याच निवडणुकीत पाचांवर आणून बसवले.

लोकानुनयी नेता ‘खरी जनता’ कोण हे आपणच जाणतो असा दावा करतो, असे यान-वेर्नर म्युलर यांचे 2016 मधील विवेचन आहे. मराठीत हा दावा नात्याचे मऊ वस्त्र पांघरून येतो. आईबाप लेकराचे मत थोडेच घेतात! 2024 ची ‘लाडकी बहीण’ योजना त्याच घराण्यातली. जिच्या हाती स्वतःचा पैसा कधीच नव्हता तिला महिना 1500 रुपये थोडे नाहीत. त्यांची टवाळी करणाऱ्या सुशिक्षितांत आम्ही नाही. पण बहिणीला मिळते ती ओवाळणी. ओवाळणीबद्दल तक्रार करता येत नाही.

मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादांत निवडणूक लांबली ती थेट जानेवारी 2026 पर्यंत. जवळजवळ चार वर्षे आयुक्तच प्रशासक होते. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. महासभेच्या गोंधळाला नाके मुरडणाऱ्या आम्हां मध्यमवर्गीयांना ही शांतता मानवलीच. ‘निदान कामे तरी होतात,’ असे प्राध्यापक-कक्षातही ऐकू येई. प्रातिनिधिक लोकशाहीचे अरिष्ट आम्हांला या वाक्यात अधिक दिसते, भाषणबाज नेत्यात कमी.

2025 च्या अखेरीस कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातील सुमारे 1800 झाडांवर गदा आली, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. हरकती दाखल झाल्या, सुनावणी झाली, ती अधिकाऱ्यांपुढे. ज्याला पुन्हा मते मागायला दारात यायचे आहे, असा एकही माणूस पालिकेच्या त्या टेबलापलीकडे नव्हता.