आंब्यावरची आमरी

मेहकराजवळ, पैनगंगेच्या काठी आमचा लहानसा मळा आहे. तेथे विहिरीपाशी आजोबांनी लावलेला एक आंबा होता आणि त्याच्या उंच फांदीवर आमरीचे रोप होते. गावकरी त्याला बांडगूळ म्हणत. पण बांडगूळ झाडाचा रस शोषते. आमरी झाडाकडे केवळ आधार मागते. हवेत लोंबणाऱ्या मुळांनी ती पाऊस आणि दव पिते. शास्त्रज्ञ तिला 'वँडा' म्हणतात. तो शब्द मूळचा आपल्या संस्कृतातलाच. सर विल्यम जोन्स यांच्या १७९५ साली छापलेल्या लेखात तो आढळतो.

एके वर्षी वळवाच्या वादळात आंबा उन्मळून पडला. आजी दिवसभर जेवली नाही. लाकूड विकले गेले. आमरीची फांदी तेवढी मी बुलढाण्यास घरी आणली. (उभ्या झाडावरची, त्यातून ज्ञानगंगा अभयारण्यातली आमरी काढून आणण्याचा मोह मात्र कोणी धरू नये. अभयारण्यात तो गुन्हा आहे.)

ओसरीच्या थंडगार कोपऱ्यात मी ती फांदी टांगली. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडले. पाने लांबली, गर्द हिरवी झाली. येणारेजाणारे कौतुक करीत. पण एक उन्हाळा गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. फूल म्हणून दिसेना.

चौथ्या वर्षी दिवाळीस आजी आली. तिने पाने चाचपली आणि म्हणाली, "पोरा, आंब्यावर होती तवा तिले सकायचं ऊन लागे. तू त तिले कोंडून ठेवलं!"

मी ओशाळलो. पानांचा तो गर्द रंगच उजेडाची उणीव सांगत होता, आणि मी त्यालाच आरोग्य समजत होतो! पुरेसा उजेड मिळाला की आमरीची पाने किंचित पिवळसर हिरवी दिसतात. पानांनी उन्हात अन्न करून साठवावे, तेव्हा कोठे फुलोऱ्याचा खर्च झेपावा. लगेच मी फांदी अंगणात नेली आणि उतावळेपणाने दुपारच्या उन्हातच टांगली. चार दिवसांत दोन पाने करपली. मग मात्र शहाणपण सुचले. कडुनिंबाच्या पूर्वेकडील फांदीखाली आधी तासभर, मग हळूहळू सारी सकाळ तिला ऊन मिळू लागले. पाण्याचेही तसेच. तिची मुळे कोरडी असली म्हणजे रुपेरी दिसतात आणि भिजली की हिरवी होतात. मुळे रुपेरी झाल्याखेरीज पाणी घालावयाचे नाही, असा मी नेम केला. थंडीत तर एक-दोन दिवसांआड हात आवरावा लागे. आपल्या हाताला हे फार जड जाते.

चैत्रात पानाच्या बगलेतून बोटाच्या पेराएवढा कोंब डोकावला. ते मूळ असेल, अशीच मला धास्ती होती. पण त्याला कळ्या धरल्या! उमललेल्या पाकळ्यांवर पिवळसर रंगात तपकिरी चौकटींची नक्षी होती आणि मध्ये निळसर जांभळी ओठाळी.

मी आजीला बोलावून आणले. तिला आता अंधूक दिसते. तिने तुरा हळूच नाकाशी नेला आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिली.

"चाळीस वर्सं खालूनच पाह्यलं रे," ती म्हणाली, "वास आज घेतला."