एक जून आणि एक जानेवारी

तारखांचे रूपांतर हा संगणकशास्त्राच्या मंडळींचा प्रांत आहे, असा आपणा मराठीच्या अध्यापकांचा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः शकात ७८ मिळवून इसवी सन सांगणारा प्रत्येक वाङ्मयेतिहासकार हेच काम करीत आला आहे. फरक इतकाच की, संगणकाला नियम अगोदर सांगावा लागतो. आणि नियम सांगताना आपल्याला नेमके किती ठाऊक आहे, याचा हिशेब द्यावा लागतो.

आमच्या संगणक विभागातील सहकाऱ्याने मला ही रीत समजावून सांगितली, तेव्हा ती अनोळखी वाटली नाही. युनिक्स पद्धतीचा संगणक वार, महिना, वर्ष असे काही जाणत नाही. १ जानेवारी १९७० रोजी ग्रिनिचच्या मध्यरात्री सुरू झालेले सेकंद तो मोजतो आणि मागणीनुसार त्यांची तारीख करून दाखवतो. आपल्या ज्योतिषांचा अहर्गण याहून निराळा नाही. एका ठरावीक क्षणापासून लोटलेले दिवस मोजायचे, मग त्यावरून तिथी आणि ग्रह काढायचे. गणेश दैवज्ञाने शके १४४२ मध्ये ‘ग्रहलाघव’ रचताना ही मोजणी आटोपशीर व्हावी म्हणून अकरा वर्षांचे, म्हणजे ४०१६ दिवसांचे चक्र कल्पिले.

मात्र या रीतीत एक मेख आहे. तारीख ठाऊक नसल्यामुळे जागा रिकामी राहिली आणि तिथे शून्य नोंदले गेले, तर संगणक तक्रार करीत नाही. तो भारतीय वेळेनुसार १ जानेवारी १९७०, पहाटेचे साडेपाच, असे ठामपणे छापतो. अज्ञानाचे रूपांतर अशा वेळी बिनचूक दिसणाऱ्या माहितीत होते.

मराठवाड्याला हे नवे नाही. आमचा १ जानेवारी म्हणजे १ जून. शाळा जूनमध्ये उघडे, गुरुजी पोराकडे पाहून वयाचा अदमास घेत आणि दाखल्यावर १ जून लिहीत. बीड जिल्ह्यातल्या कोणत्याही जुन्या शाळेचे नोंदणीपुस्तक उघडावे, या तारखेची रांग दिसेल. माझ्या वडिलांची नोंदही १ जून १९४८ अशीच आहे. आजीचे सांगणे मात्र वेगळे होते. गौरी उठल्या होत्या, पितृपंधरवडा लागायचा होता आणि गावात ‘मिल्ट्री आली’ अशी हाकाटी होती. हैदराबाद संस्थानावरील पोलीस कारवाई १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत झाली. त्या वर्षीच्या भाद्रपदाशी ताडून पाहता आजीच्या सगळ्या खुणा त्याच एका आठवड्यावर येऊन थांबतात. निरक्षर बाईची आठवण सात दिवसांच्या आत नेते आणि शिक्का मारलेला दाखला साडेतीन महिने चुकतो! पहिल्या तारखेला जन्मलेला नोकरदार आदल्या महिनाअखेरीस निवृत्त होतो. त्यामुळे वडील ३१ मे २००६ रोजी सेवेतून बाहेर पडले. आजीचे पंचांग ग्राह्य धरले असते, तर ते सप्टेंबरअखेरपर्यंत शिकवीत राहिले असते.

हाच प्रश्न आता मोठ्या प्रमाणावर उभा आहे. कुणबी नोंदींच्या शोधासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि निजामकालीन उर्दू व मोडी दफ्तरे पुन्हा उघडली. या दफ्तरांतली वर्षे पुष्कळदा फसली सनाची आहेत. फसली सनात ५९० मिळवा, हा प्रचलित नियम. परंतु हैदराबादचे फसली वर्ष अझूर महिन्याने, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. म्हणजे फसली १३४० ची सुरुवात १९३० मध्ये, पण त्याचे नऊ महिने १९३१ मधले. नुसते वर्ष लिहिलेल्या नोंदीला संगणकाने ‘१९३०’ म्हटले, तर ते चुकीचे ठरण्याचा संभवच अधिक. आणि तारखेचा रकाना पूर्ण भरल्याशिवाय पुढे सरकू न देणारी आज्ञावली असेल, तर भरणारा बिचारा महिना आणि दिवसही घालणार. पणजोबा आणि पणतू यांचे नाते जुळवताना अशी एखादी कल्पित तारीख आड येऊ शकते.

आपण तरी काय करतो? आमच्या अंबाजोगाईच्या मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ परंपरेने शके १११० चा. वर्गात आपण फळ्यावर ‘११८८’ लिहून मोकळे होतो. शक चैत्रात पालटतो, त्यामुळे त्या शकाचे अखेरचे काही महिने ११८९ मध्ये जातात, हे सांगायचे राहते. परीक्षेत मात्र ११८८ लिहिणाऱ्यालाच गुण.

वास्तविक संगणकाला संशय शिकवता येतो. तारखा लिहिण्याच्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय संकेतात नुसते वर्ष किंवा वर्ष-महिना लिहिण्याची मुभा आहे. २०१९ मध्ये आलेल्या त्याच्या दुसऱ्या भागात तर ‘सुमारे’ आणि ‘अनिश्चित’ यांसाठी स्वतंत्र खुणा आहेत. संहितासंपादक पाठभेद तळटीपेत जपतो, त्याच जातीचा हा विवेक आहे. दफ्तरे संगणकात भरली जात असताना मूळ नोंद तिच्या शब्दांत एका रकान्यात ठेवावी, रूपांतर दुसऱ्या रकान्यात असावे आणि ते किती अदमासाचे आहे हे तिसऱ्यात लिहावे, एवढा आग्रह आपण धरायला हवा. हस्तलिखितांच्या सूच्या करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनाही हीच सवय लावता येईल. कागद एकदा जीर्ण होऊन गेला की, ‘गौरी उठल्या होत्या’ हे शब्द १ जूनवरून कोणालाही परत काढता येणार नाहीत.