भाईजानचे पाणी

शिरोड्यात घरी शोभेचे मासे पाळणाऱ्याकडे लोक जरा गमतीनेच पाहतात. वेळागरचा किनारा जवळ, बाजारात रोज ताजी मासळी. आमच्या दारात टेम्पोतून काचेची टाकी उतरली तेव्हा शेजारच्या काकी कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "दर्या हाकेर आसा आणि तुमी मासे इकत हाडतास? ते पण खावचे नाय, बघूचे!" भाईजान हसले. म्हणाले, "काकी, मासे अजून लांब आहेत. आधी पाणी तयार होऊ दे."

हे 'पाणी तयार होणे' मला तेव्हा कळले नव्हते. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई. पाणी विहिरीतून काढावे, गाळावे, संपले. भाईजानची गोष्ट वेगळी. त्यांची बावीस वर्षे कुवेतमध्ये, समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या कारखान्यात फिटर म्हणून गेली. त्या देशात नदी नाही. प्यायचे पाणी बहुतेक समुद्रातूनच काढतात. खारे पाणी तापवायचे, वाफ धरायची, ती थंड करायची. असे मिळालेले पाणी इतके कोरे असते की पिण्याआधी त्यात पुन्हा थोडे क्षार मिसळावे लागतात. पाण्यातून सगळे काढून टाकणे हेच त्यांचे आयुष्यभराचे काम. 2016 मध्ये ते कायमचे घरी आले, ते मधुमेह घेऊन. 2019 च्या पावसाळ्यानंतर डॉक्टरांनी सांगितले की मूत्रपिंडे आता फार दिवस साथ देणार नाहीत. डायलिसिससाठी हाताच्या मनगटाजवळ शीर आणि धमनी जोडून 'फिस्टुला' केला. तो लगेच वापरता येत नाही. शीर जाड व्हायला दीड-दोन महिने थांबावे लागते.

त्याच आठवड्यात त्यांनी टाकी आणवली. भाभी म्हणाल्या, "ही काय वेळ आहे का?" भाईजान म्हणाले, "हीच वेळ आहे. दोघांनाही सहा आठवडे थांबायचे आहे."

टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठाशी थोडी जागा सोडून भरली तरी सव्वादोनशे लिटर पाणी मावते. तेवढे वजन लाकडी टेबल पेलत नाही. गवंड्याकडून चिऱ्यांचा ओटा बांधून घेतला, वर थर्माकोलचा पत्रा टाकला. खाली खडा राहिला तर काच तडकते. मी विचारले, सुरुवातीला लहान टाकी का नको? तेव्हा भाईजानना मदरशातला धडा आठवला. आम्ही शाफई. कुल्लतैन, म्हणजे दोन मोठे रांजण, अंदाजे दोनशे लिटर पाणी असेल तर थोडी घाण पडल्याने ते नापाक होत नाही, रंग, वास, चव बदलली तरच होते. त्याहून कमी पाणी मात्र लगेच नापाक. "फिकहवाल्यांना ठाऊक होते," ते म्हणाले, "थोडे पाणी काही माफ करत नाही." मासे पाळणाऱ्यांचाही अनुभव तोच. दहा लिटरच्या भांड्यात एक मासा मेला तर संध्याकाळपर्यंत बाकीचे जातात. मोठ्या टाकीत आपल्याला सावरायला दोन दिवस मिळतात.

आमच्या आजोळच्या मशिदीत हौज होता, त्यात मासे होते. वजूला बसलेल्या मुलांच्या बोटांना ते टोचत. पाणी हिरवट असायचे, पण त्याला वास नसायचा. डासांच्या अळ्या मासे खात, माशांची घाण शेवाळ खाई. तेच साधे गणित लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने 1850 मध्ये काचेच्या भांड्यात मांडून दाखवले: दोन सोनमासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी. पुढे 1854 मध्ये फिलिप गॉस यांच्या पुस्तकाने 'ॲक्वेरियम' हा शब्द घरोघरी नेला. आजोळी आता हौजाच्या जागी नळांची रांग आहे. सोय झाली हे खरे.

टाकीत वाळू, खडी, दोन वेली घातल्या. पाणी आमच्या विहिरीचे. जांभ्याच्या जमिनीतले पाणी मृदू असते, त्यात चुन्याचा अंश फार कमी. असे पाणी हळूहळू आंबट होत जाते. म्हणून भाईजाननी तिसऱ्यांच्या शिंपल्या उकळून, घासून, जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरमध्ये ठेवल्या. मे महिन्यात विहीर मचूळ झाली की नळाचे पाणी घ्यावे लागते. त्याला ब्लीचिंग पावडरचा वास. ते बादलीत एक दिवस उघडे ठेवायचे, नाहीतर 'हायपो'चे खडे टाकायचे. पूर्वी फोटो स्टुडिओत फिल्म धुवायला वापरत तेच हे सोडियम थायोसल्फेट. क्लोरीनला ते तिथल्या तिथे मारते.

मग चिमूटभर खाद्य रोज रिकाम्या टाकीत. मासा एकही नाही! काकी येऊन पाहून जात आणि काही बोलत नसत, हे त्यांच्या बोलण्यापेक्षा वाईट. खाद्य कुजते, त्यातून अमोनिया होतो. अमोनिया खाणारे जिवाणू आपोआप येतात, पण दमाने. ते त्याचे नायट्राइट करतात, तेही विषच. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू येतात आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात, ते मासे बरेच सोसतात; उरलेले वेली खातात, बाकी आपण पाणी बदलून काढायचे. जुन्या पुस्तकांत या दुसऱ्या जिवाणूचे नाव नायट्रोबॅक्टर आहे. 1998 मध्ये संशोधकांनी टाक्यांतले जिवाणू तपासले तेव्हा हे काम करणारे नायट्रोस्पिरा निघाले. नाव काहीही असो, त्यांना राहायला जागा लागते आणि वाहता प्राणवायू लागतो. फिल्टरमधला स्पंज म्हणजे त्यांची वस्ती. लोकांना वाटते स्पंज घाण अडवतो म्हणून पाणी शुद्ध होते. घाण अडते, पण ते त्याचे दुय्यम काम.

दर तीन दिवसांनी भाईजान काचेच्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकत. पिवळा रंग हिरवा झाला की अमोनिया. मग हिरवा ओसरला आणि दुसऱ्या नळीत निळ्याचा जांभळा दिसू लागला. पाचव्या आठवड्याच्या अखेरीस दोन्ही नळ्या स्वच्छ. त्यांनी मनगट माझ्या कानाला लावले. आत नळ सुरू असल्यासारखी घरघर ऐकू येत होती. "हाही तयार होतोय," म्हणाले.

मासे आले: गप्पी, मोली, दोन एंजल, चार गोरामी. डायलिसिस सुरू झाले, सोमवारी आणि गुरुवारी. पहिल्याच दिवशी त्यांनी तिथल्या तंत्रज्ञाला गाठून पाण्याची खोली पाहिली. चार तासांत एका माणसासाठी सुमारे 120 लिटर पाणी लागते. आरओच्या आधी कार्बनच्या दोन टाक्या, एकापुढे एक. कारण क्लोरीन किंवा क्लोरामीन राहिले तर ते पडद्यातून थेट रक्तात जाऊन तांबड्या पेशी फोडते. पोटात गेलेल्या पाण्याचे तसे होत नाही. माशाचा कल्लाही असाच पातळ पडदा, पाणी आणि रक्त यांच्यामध्ये. घरी येऊन ते म्हणाले, "छोटी, मी आता माशांच्या जातीत गेलो." त्यांना दिवसाला जेमतेम एक लिटर पाण्याची परवानगी, डाळ, चहा, सगळे धरून. आणि ते सव्वादोनशे लिटरसमोर खुर्ची टाकून बसत.

ओळखीच्या एका घरी दर जुम्याला टाकी पूर्ण रिकामी करून, खडी साबणाने, स्पंज नळाखाली धुवून पुन्हा भरत. टाकी लखलखीत आणि मासे महिन्याला नवे. भाईजान तिथे जाऊन सांगून आले की पाव भाग पाणी बदला आणि स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळा, बस्स. त्या घरच्यांना ते आळशीपणाचे वाटले. पाक आणि साफ यांतला फरक आपल्याला समजतो असे आपण धरून चालतो. साफ आणि जिवंत यांतला फरक मात्र सांगूनही पटत नाही.

2021 ची रमजान ईद 14 मे रोजी होती, शुक्रवारी. आदल्या दिवशी डायलिसिस झालेले. खजुरात पोटॅशियम फार, म्हणून भाईजाननी शीरखुर्मा एक चमचा घेतला, तोही खजूर बाजूला सारून. रविवारी, 16 तारखेला, तौक्ते वादळ आले. आमच्या माडांपैकी तीन गेले, रस्त्यावर झाडे आडवी, वीज नाही, फोन नाही. सोमवारी जायचे होते, जाता आले नाही.

मूत्रपिंडे थकलेल्या माणसाच्या अंगात पोटॅशियम साचले की हृदय बंद पडू शकते. हे घरात सगळ्यांना ठाऊक होते आणि कोणी उच्चारत नव्हते. शहाळी अंगणभर पडलेली; तेच त्यांना विष. भाईजाननी भात थोडा घेतला, पाणी घोटाघोटाने. आणि टाकीची सूत्रे हाती घेतली. फिल्टर बंद पडला की स्पंजातले जिवाणू काही तासांत गुदमरतात, बंद डब्यात तर कुजतात. त्यांनी स्पंज काढून उघड्या टाकीत सोडायला सांगितला. माशांचे खाणे बंद. "साचेल असे काही आत जाऊ द्यायचे नाही, त्यांच्या आणि माझ्याही." मी आणि भाची आळीपाळीने तांब्याने पाणी उचलून हातभर उंचीवरून परत ओतत होतो, म्हणजे हवा मिसळते. रात्री कंदिलाच्या उजेडात दर अर्ध्या तासाने. पावसाने हवा गार झाली होती, ते बरे. गार पाण्यात प्राणवायू जास्त राहतो.

सोमवारी संध्याकाळी नळीत जांभळा रंग दिसला. नायट्राइट. भाभींनी बरणीतले मिठागराचे खडेमीठ आणले, पाव किलो विरघळवून हळूहळू टाकले. मिठातला क्लोराइड कल्ल्यांशी नायट्राइटची वाट अडवतो. शिरोड्याच्या मिठाने 1930 मध्ये सरकारला आव्हान दिले होते, हे आम्ही मुलांना शिकवत आलो. ज्या माणसाच्या ताटात चार वर्षे मीठ नव्हते, तो टॉर्च धरून सांगत होता, "अजून एक मूठ."

मंगळवारी दुपारी वाडीतल्या मुलांनी करवती आणि कोयते घेऊन रस्ता मोकळा केला. काकींचा मुलगा सर्वांत पुढे. त्याच्याच गाडीतून भाईजान गेले. जाताना पायांवर सूज होती, धाप होती. दारातून वळून म्हणाले, "पाव भाग बदल. विहिरीचे आधी मोजून घे, वाऱ्याने खारे पाणी उडाले असेल." रुग्णालयात जनरेटर चालू होता. रात्री उशिरा ते परत आले, थकलेले, पण सूज उतरलेली.

दोन एंजल आणि एक गोरामी गेले. बाकी वाचले. वीज आली त्या दिवशी फिल्टरच्या डब्यातले जुने पाणी आधी फेकून दिले, मगच बटण दाबले. जांभळा रंग जायला आणखी दहा दिवस लागले, आणि तेवढे दिवस भाईजाननी नवे मासे आणू दिले नाहीत. काढलेले पाणी मी मोगऱ्याला घालते. काकी त्यातले बादलीभर आपल्या मिरचीच्या वाफ्याला मागून नेतात.