उघड्या फांदीकडे बघ

नायगाव (जि. नांदेड)
वसंत पंचमी

चि. मुक्ता हीस अनेक आशीर्वाद.

ओवीला शाळेतून ‘वसंताच्या पहिल्या खुणा शोधा’ असा गृहपाठ मिळालाय आणि तुमच्या दारात गुडघाभर बर्फ, म्हणून तिला आजीच्या परसातल्या खुणा हव्यात, असं तू फोनवर म्हणालीस. वर जाता जाता एक वाक्य टाकलंस, “आपल्याकडं कुठं वसंत असतो गं माय? थंडी संपली की थेट ऊनच.” ओवीला फोटो धाडते. हे पत्र मात्र तुझ्या त्या वाक्यासाठी.

असं वाटणारी तू एकटी नाहीस. वसंत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं पुस्तकातलं चित्र येतं: बर्फ वितळलं, जमिनीतून कोंब वर आले, पाठोपाठ फुलं. तो क्रम थंड मुलखाचा. आपल्या काळ्या रानात हिवाळा कशालाच गाडून टाकत नाही, मग वर तरी काय येणार? इथं पहाटे शेकोटी लागते आणि दुपारी पंचा डोक्यावर घ्यावा लागतो. एकाच परसात लिंब पिवळा पडत असतो आणि शेजारी आंबा मोहरत असतो. शिशिर आणि वसंत एकमेकांना वाट देत नाहीत, एका अंगणात बिऱ्हाड करतात. म्हणून खुणा शोधायच्या तर फुलांकडे मागाहून बघ, आधी पानगळीकडे बघ.

आपलं पंचांगही तेच करतं. वसंत ऋतू चैत्र-वैशाखाचा, आणि वसंत पंचमी येते माघात, ऐन शिशिरात. पाडव्याला अजून दोन महिने उणे चार दिवस. ज्यांनी हा सण इथं बसवला, त्यांनी वसंत आल्यावर नव्हे, त्याची चाहूल लागल्यावर तो साजरा केला. आज धर्माबादच्या पलीकडं, तेलंगणातल्या बासरला, गोदाकाठच्या सरस्वतीपुढं लेकरांच्या रांगा लागल्या असतील. तुझंही बोट धरून तिथंच पहिलं अक्षर काढून घेतलं होतं. आपल्या भागातली माणसं अजून जातात.

तुमच्या ओंटारिओतही असाच एक दिवस आहे ना? वायर्टन गावात 2 फेब्रुवारीला विली नावाच्या ग्राउंडहॉगला बाहेर काढतात. त्याला आपली सावली दिसली तर आणखी सहा आठवडे हिवाळा, नाही दिसली तर वसंत लवकर. 2025 साली आपली वसंत पंचमी नेमकी 2 फेब्रुवारीलाच होती. ओवीच्या वहीत ही नोंद शोभेल.

आता परसात चल. पहिलं झाड सीताफळाचं, कारण आज सगळ्यात भकास तेच दिसतंय. झडून नुसत्या काटक्या उरल्यात. पाहुणे आले की म्हणतात, “वाळलं की काय हे?” बहुतेक झाडांत पुढच्या पालवीचा डोळा पानाच्या देठाजवळ, बगलेत उघड्यावर दिसतो. सीताफळात तो देठाच्या बुडाखाली झाकलेला असतो. देठाची पोकळ टोपी त्याच्यावर बसलेली. पान झाडावर आहे तोवर डोळा दिसतही नाही आणि फुटतही नाही. पान गळलं की जिथं वण राहतो, तिथंच बारीक लवेचा तपकिरी ठिपका उघडा पडतो. चैत्राच्या आसपास त्यातून पालवी येते आणि तिच्यासोबत ती जाड पाकळ्यांची, हिरवट, कुणाचं लक्ष न जाणारी फुलं. म्हणून ओवीसाठी पहिला फोटो या वणाचा काढलाय. तिच्या बाईंना तो वसंताचा वाटणार नाही. सांग त्यांना, या झाडाला पान टाकल्याशिवाय पुढं जाताच येत नाही.

दुसरा आंबा. त्याला थंडी हवी असते, पण मोजकी. रात्री गारठ्याच्या आणि दिवस कोरडे, असं काही आठवडे राहिलं की फांदीच्या शेंड्याचा डोळा मोहराकडं वळतो. उबदार आणि ओलसर हवा राहिली तर त्याच डोळ्यातून नुसती पालवी येते. शेंडा अणकुचीदार दिसला तर पालवीची शक्यता, फुगून गोलसर झाला तर मोहराची. हे जवळ जाऊन बघावं लागतं, गॅलरीतून कळत नाही. आपल्या आंब्याच्या दक्षिणेकडच्या फांद्या मोहरल्यात, उत्तरेकडच्या अजून विचारात आहेत. एका तुऱ्यात शेकड्यांनी फुलं असतात, त्यातली बरीचशी नुसती नर. उरलेल्यांतल्याही थोड्यांनाच कैरी धरते. वासावर माश्या येतात आणि परागीकरणाचं मोठं काम त्याच करतात. तुला माश्यांचा राग येतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

शेवग्यानं पानं पिवळी करून टाकली आणि पांढऱ्या फुलांचे झुबके धरले. लिंबूनीला मी डिसेंबरात पाणी तोडलं होतं. ताण बसला, पानं मलूल झाली, मग आळं भरून पाणी दिलं. आता कळ्या दिसतायत. मोसंबी-संत्र्याचे बागायतदार आंबे बहार धरतात तो असाच: आधी उपाशी ठेवायचं, मग जेवू घालायचं. मोगऱ्याची छाटणी करून त्यालाही असंच कोरडं ठेवलंय. झाडाला वाढीतून थांबवल्याशिवाय ते फुलाकडं वळत नाही, हे माळ्यांना पुस्तकाआधीपासून ठाऊक आहे.

डोळ्यांपेक्षा कान आधी सावध होतात. थंडीत बराचसा गप्प बसलेला तांबट पुन्हा टुक टुक करायला लागलाय. तो शेवग्याच्या वाळक्या फांदीला भोक पाडून घर करतो, म्हणून ती फांदी मी तोडू दिली नाही. शेवग्याच्या फुलांवर शिंजीर येतो. विणीचा हंगाम सरला की नराची जांभळी झळाळी जाते आणि तो मादीसारखा मळकट दिसतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टी उरते. आता त्याच्या अंगावर जागोजाग निळे-जांभळे ठिपके उगवलेत. पुरता चकाकायला लागला की समज घरटं बांधायची वेळ आली.

आता तुझ्या वाक्याचं उत्तर. पुढं ऊनच आहे, हे खरं. पाऊस थेट मृगात. तरी पिंपळ, लिंब, करंज कोवळी पानं काढतात ती ऐन उन्हाच्या तोंडावर. हे कसं जमतं? जुनी पानं टाकली की झाडाचं बाहेर उडणारं पाणी थांबतं. खोल मुळं काळ्या मातीच्या पोटातली ओल खेचत राहतात, खोड भरतं आणि डोळे फुटतात. ज्यांना हे परवडत नाही ती झाडं थांबतात. आपल्याच जिल्ह्यात किनवट-माहूरच्या जंगलातला साग बघ, तो बहुधा पावसाची वाट पाहत उघडा उभा असतो. तिथलाच पळस पानं टाकून काळसर मखमली कळ्या धरतो आणि फाल्गुनात पेटतो. दोघांचा हिशोब वेगळा. आपला वसंत साठवलेल्या पाण्यावर चालतो, आणि तुला तो दिसला नाही याचं कारण तो आभाळातून येत नाही.

गोदेच्या वरच्या अंगाला, पैठणच्या सातवाहनांच्या काळाशी जिचं नाव जोडलंय त्या ‘गाथासप्तशती’तही आंब्याचा मोहर आणि पळसाची फुलं आहेत. म्हणजे या मुलखातल्या माणसांना हा ऋतू फार जुन्या काळापासून दिसत आलाय.

फार गोडही समजू नकोस. आभाळ भरून आलं की मोहरावर भुरी येते, तुडतुडे पडतात. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आठवते ना? मराठवाडाभर उभा गहू, हरभरा, ज्वारी आडवी झाली, आंब्याखाली मोहराचा सडा पडला. शेतकऱ्याला वसंत म्हणजे सुगी. करडई काढायची, हरभरा घरात आणायचा आणि तोवर आभाळानं गप्प बसावं एवढीच विनंती. खूण दिसली म्हणजे फळ हातात आलं असं नव्हे. खूण एवढंच सांगते की झाडानं आपलं काम सुरू केलंय.

ओवीला आता बर्फातही काम आहे. मेपलच्या फांदीवर बारीक कळे दिसतील. ते यंदाच्या थंडीत आलेले नाहीत, गेल्या उन्हाळ्यातच तयार झालेत. आणि दक्षिण ओंटारिओत सिकामोर नावाचं झाड असतं, साल सोलून पांढुरकी पडणारं. त्याचा डोळाही सीताफळासारखाच देठाखाली झाकलेला असतो. बागेत कुठं असलं तर आत्ता त्याच्या उघड्या फांदीवर पानाचा वण शोधायला लाव. कळ्याभोवती गोल कड्यासारखा दिसेल. पानगळीच्या दिवसांत एक पान देठासकट उचलून त्याचं बूड बघा, पोकळ असेल. दोन्ही फोटो मला पाठव. नायगावचं सीताफळ आणि तिकडचा सिकामोर मी शेजारी शेजारी लावून इथल्या शाळेतल्या पोरांना दाखवणार आहे.

जावईबापूंना नमस्कार, ओवीला पापा. पाडव्याला लिंबाचा मोहर गुळासोबत मिळणार नसेल तर कळव, वाळवून ठेवीन.

तुझी
माय