सुट्टीतली बायबल शाळा आणि आमची लेक

एप्रिल संपत आला की आपल्या घरांत एकच विषय असतो, सुट्टीत मुलांचे काय करायचे? सकाळी मोहल्ल्यात दीनी वर्ग असतो, तो नऊपर्यंत सुटतो. पुढचा लांबलचक दिवस मोबाइलच्या ताब्यात जातो. आम्ही दोघेही शिक्षक. एकाचे विषय उर्दू आणि मराठी, दुसऱ्याचा गणित. वर्षभर लोकांच्या मुलांना वळण लावायचे आणि मे महिन्यात स्वतःच्या लेकीपुढे हात टेकायचे, हा अनुभव आम्हालाही आहे.

गेल्या वर्षी आठवीची परीक्षा संपली आणि तिने आमच्यापुढे वेगळाच प्रश्न ठेवला. तिची जिवलग मैत्रीण ख्रिस्ती. दोघी पहिलीपासून एका बाकावर बसतात. मैत्रिणीच्या चर्चमध्ये मे महिन्यात दहा दिवस 'सुट्टीतील बायबल शाळा' भरते. मुले तिला 'व्हीबीएस' म्हणतात. सकाळी आठ ते बारा गाणी, गोष्टी, हस्तकला आणि खेळ, शेवटच्या दिवशी पालकांसमोर कार्यक्रम. मैत्रीण म्हणाली, तूही चल. मुलगी आम्हाला म्हणाली, "अम्मी, अब्बा, मी जाऊ?"

घरात दोन तट पडले. फुफूंचा फोन आला, "आपले वर्ग कमी पडले म्हणून पोरीला चर्चमध्ये पाठवता?" चाचा म्हणाले, लोक काय म्हणतील. दादी मात्र शांत होत्या. घरातली तीन बाळंतपणे इथल्या बूथ हॉस्पिटलात झालेली. तिथल्या सिस्टर रात्री उठून आपली चौकशी करायच्या, हे त्या अजून सांगतात. त्या मुलीला एवढेच म्हणाल्या, "कलमा दिल में रख, आँखें खुली रख, फिर जा."

आम्ही राहतो त्या अहमदनगरात, आताच्या अहिल्यानगरात, ख्रिस्ती शेजार नवा नाही. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 साली मुंबईत उतरले आणि 1831 साली नगरला आले. सिंथिया फरार नावाच्या अविवाहित बाई 1827 साली भारतात आल्या आणि पुढे नगरमध्ये मुलींना शिकवता शिकवताच इथे वारल्या. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भजने अभंगाच्या वळणावर लिहिली, तीही याच भागात वावरताना. आपल्या मोहल्ल्यांतल्या कितीतरी आजी-आजोबांनी पाटी-पेन्सिल पहिल्यांदा हातात धरली ती मिशनच्या शाळेत.

या सुट्टीच्या शाळेचा उगमही ऐकण्यासारखा आहे. 1898 साली न्यूयॉर्कमध्ये हॉज नावाच्या एका बाईंनी गरीब वस्तीतली मुले उन्हाळ्यात रस्त्यावर भटकताना पाहिली आणि त्यांच्यासाठी रोजची बायबल शाळा सुरू केली. तिच्यासाठी जागा भाड्याने घेतली ती चक्क बिअर विकणाऱ्या हॉलची! काही वर्षांतच रॉबर्ट बोव्हिल यांनी ती कल्पना इतर चर्चमध्ये पसरवली. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी त्या बाईंना पडलेला प्रश्न आपल्यालाही पडतोच, सुट्टीत मुले कुठे जातील?

तरीही ही धर्म शिकवणारी शाळा आहे, हे आम्ही विसरलो नाही. म्हणून हो म्हणण्याआधी आम्ही दोघे तिथल्या मुख्य बाईंना भेटायला गेलो. त्या निवृत्त शिक्षिका, त्यामुळे बोलणे सोपे गेले. आम्ही तीन गोष्टी विचारल्या. प्रार्थनेत आमच्या मुलीला सहभागी व्हावे लागेल का? खाण्यात काय असेल? आणि तिच्याकडून काही वदवून किंवा लिहून घेतले जाईल का? बाईंनी सरळ उत्तरे दिली. प्रार्थना रोज होते, ती शांत बसून राहिली तरी चालेल. नाश्त्याला पोहे, केळी आणि बिस्किटे. लिहून काही घेत नाही. मग त्या म्हणाल्या, "पण सर, मॅडम, आम्ही इथे येशूबद्दलच सांगतो, ते मी लपवणार नाही." हा स्पष्टपणा आम्हाला आवडला.

पहिले चार दिवस मुलगी आनंदात होती. घरी आल्यावर कैरीचे पन्हे पिता पिता सगळे सांगायची. मोठ्या मुलामुलींचा गट कडुलिंबाखाली बसतो. पेटी, ढोलकी आणि टाळ्या. आणि गोष्टी? "अम्मी, सगळ्या गोष्टी मला आधीच माहीत होत्या! फक्त नावं वेगळी. नूह अलैहिस्सलाम म्हणजे नोहा, यूसुफ म्हणजे योसेफ, मूसा म्हणजे मोशे, यूनुस म्हणजे योना." माशाच्या पोटातल्या पैगंबरांची गोष्ट बाईंनी विचारली तेव्हा सगळ्यात आधी हात तिचाच वर होता. एका ठिकाणी मात्र ती अडली. बायबलमध्ये कुर्बानीसाठी नेलेला मुलगा इसहाक आहे, आणि आपण बकरी ईदला हजरत इस्माईल अलैहिस्सलाम यांची आठवण काढतो. तिने हे तिथे सांगितले. बाई म्हणाल्या, "हो, आपल्यात इथे फरक आहे," आणि पुढे गेल्या. वाद झाला नाही. त्यानंतर बकरी ईद आली तेव्हा तिने कुर्बानीचा सगळा वाकया आमच्याकडून नव्याने ऐकून घेतला. इतकी वर्षे तो तिने नुसता कानावर घेतला होता.

पाचव्या दिवशी ती वेगळेच काही घेऊन आली. म्हणाली, "अब्बा, ते देवाशी मराठीत बोलतात." आम्ही हसलो, पण ती गंभीर होती. तिच्यासाठी मराठी म्हणजे शाळेची, दुकानाची, बसची भाषा. नमाज अरबीत, दुआ उर्दूत, घरातले बोलणे दखनीत. एक बाई डोळे मिटून, आईशी बोलावे तशी मराठीत प्रार्थना करताना तिने प्रथमच ऐकली. तिने विचारले, "आपण दुआ मराठीत मागितली तर चालते का?" आम्ही सांगितले, नमाजमधले पठण अरबीतच, पण मनातली दुआ अल्लाह प्रत्येक भाषेत ऐकतो. आणि आपल्याच जिल्ह्यातल्या श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी शेकडो वर्षांपूर्वी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला, हेही सांगितले. त्या रात्री इशानंतर दादींच्या गुडघ्यांसाठी तिने मराठीत दुआ मागितली. दादींना अर्धीच समजली, पण आमीन त्या मोठ्याने म्हणाल्या.

नववा दिवस कठीण गेला. त्या दिवशी बाहेरगावाहून एक प्रवचनकार आले होते. त्यांनी येशूच्या क्रुसावरच्या मरणाची गोष्ट सांगितली. मग सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाले, ज्यांना आज येशूला आपला तारणारा म्हणून स्वीकारायचे आहे त्यांनी हात वर करावा. पेटी हळू वाजत होती. मुलीने डोळे उघडे ठेवले होते. आजूबाजूला एकेक हात वर जाऊ लागला. तिच्या मैत्रिणीचाही गेला. प्रवचनकार म्हणत होते, अजून कोणी आहे का, अजून कोणी? चौदा वर्षांच्या पोरीला त्या दोन-तीन मिनिटांत काय वाटले असेल! तिने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले आणि मनात कलमा म्हटला.

घरी आली ती न बोलता. जेवली नाही. संध्याकाळी दादींच्या पायाशी बसली आणि तिला रडू फुटले. आम्हाला वाटले, कोणी काही बोलले असेल. तसे काही नव्हते. तिचे म्हणणे दोन वाक्यांत होते. "हात वर केला नाही तेव्हा वाटलं, मी सगळ्यांपेक्षा वेगळी आहे, मैत्रिणीपेक्षासुद्धा. आणि त्यांना खिळे ठोकल्याचं ऐकून मला रडू आलं, तर मला गुन्हा लागेल का?"

या प्रश्नाला घाईने उत्तर देणे बरोबर नव्हते. दादी तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "किसी पे जुल्म का सुन के रोना आया, तो अल्लाह ने दिल नरम दिया बेटा. उसमें गुनाह कैसा?" मग आम्ही कुरआन घेतले. सूरह मरयम उर्दू आणि मराठी अर्थासह वाचली. खजुराच्या झाडाखाली एकट्या पडलेल्या बीबी मरयम, त्यांच्या वेदना, त्यांना मिळालेला धीर, आणि लोक बोट दाखवू लागले तेव्हा पाळण्यातून बोललेले हजरत ईसा अलैहिस्सलाम. कुरआनमध्ये नावाने उल्लेख आलेल्या स्त्री एकट्या बीबी मरयमच आहेत, हे तिला त्या दिवशी कळले. मग सूरह निसामधला भाग काढला. हजरत ईसा यांना सुळावर दिले गेले नाही, अल्लाहने त्यांना आपल्याकडे उचलून घेतले, असा आपला विश्वास तिथे आहे. आम्ही तिला सांगितले, तुझी मैत्रीण जे मानते ते मनापासून मानते, तू जे मानतेस ते तूही मनापासून मान. फरक आहे, आणि तो तुम्हा दोघींना ठाऊक असला तरी बाक एकच राहू शकतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा बाईंना भेटलो. भांडायला गेलो नव्हतो, पण बोलणे गरजेचे होते. आम्ही म्हणालो, मुलांचे हात वर करवून घेण्याआधी पालकांना सांगायला हवे होते. चौदा वर्षांचे मूल सगळ्यांचे हात वर गेलेले पाहून स्वतःचा हात खाली ठेवू शकेलच असे नाही. बाईंनी ऐकून घेतले. त्यांच्या दृष्टीने ते आवाहन म्हणजे दहा दिवसांचा गाभाच होता, हे त्यांनी लपवले नाही. पण त्या म्हणाल्या, "तुमचं म्हणणं बरोबर आहे. दुसऱ्या धर्माची मुलं बसलेली असताना त्या वेळी त्यांना बाजूला खेळायला न्यायला हवं. पुढच्या वर्षी तसं करू." मग हळू आवाजात त्या पुढे म्हणाल्या, "मी काल तिच्याकडे बघत होते. पोर डगमगली नाही. घरचं शिकवणं पक्कं आहे."

शेवटच्या दिवशीच्या जेवणात बिर्याणी होती. कोंबडी आपल्याच मोहल्ल्यातल्या चिकनवाल्याकडून आणल्याचे मैत्रिणीच्या आईने आदल्या दिवशीच फोन करून सांगितले होते. दोघी मैत्रिणी एका ताटात जेवल्या.

हे सगळे लिहिण्याचे कारण आहे. असे आमंत्रण आपल्यापैकी अनेकांच्या मुलांना येते. पाठवायचे की नाही हे प्रत्येक घराने आपल्या मुलाचा स्वभाव पाहून ठरवावे. लहान मूल असेल, किंवा घरात दीनची ओळख अजून कच्ची असेल, तर थांबलेले बरे. पाठवायचे असेल तर आधी स्वतः जाऊन भेटा, काय शिकवतात ते विचारा, प्रार्थनेचे आणि आवाहनाचे स्पष्ट बोलून घ्या. आपल्या राज्यघटनेच्या 28व्या कलमात, सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवायचे तर पालकांची संमती लागते, असे म्हटले आहे. चर्चच्या आवारातला वर्ग म्हणजे तशी शाळा नव्हे, पण नियमामागचा विचार कुठेही लागू पडणारा आहे. आणि रोज मूल घरी आले की ऐकायला कोणीतरी मोकळे असू द्या. नवव्या दिवशी दादी घरात नसत्या तर ते रडू कुठे गेले असते कोण जाणे.

आता आपल्या बाजूचेही बोलू. सूरह बकरात दीनच्या बाबतीत जबरदस्तीला मनाई आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. नजरानचे ख्रिस्ती शिष्टमंडळ मदिनेला आले तेव्हा नबी करीम सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी त्यांना मस्जिदे नबवीत त्यांच्या पद्धतीने प्रार्थना करू दिली, असे सीरतच्या ग्रंथांत येते. मग एखादी ख्रिस्ती किंवा हिंदू मुलगी मैत्रिणीबरोबर आपल्या दीनी वर्गात येऊन बसली, तर आपण काय करू? सगळ्यांबरोबर कलमा म्हण, असे तिला सांगू? की तिला शांत बसू देऊ?

यंदा मोहल्ल्यातल्या वर्गाची बैठक झाली तेव्हा आम्ही हा प्रश्न मौलानांसमोर ठेवला. ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, "आने दो. किस्से सुनाएँगे, शरबत पिलाएँगे. पढ़वाएँगे कुछ नहीं, और माँ-बाप से पहले बात करेंगे." ठरल्याप्रमाणे मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी लेकीची मैत्रीण वर्गात येणार आहे. तिच्या आईने येऊन आम्हाला तीन प्रश्न विचारले. आम्ही सरळ उत्तरे दिली.